माडाच्या शेंड्यात भोक दिसलं? आधी गेंड्या की सोंड्या ते ठरवा

पावसाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो, जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली उताणा पडलेला काळाकुळकुळीत भुंगा, डोक्यावर शिंग, आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं की हा चावतो का, विषारी आहे का. चावत नाही आणि विषारी पण नाही. हा गेंड्या भुंगा. पण तुमच्या आवारात माड असतील तर तो फोटो नुसता बघून सोडून देऊ नका, कारण तो भुंगा जन्मला ते ठिकाण बऱ्याचदा आपल्याच आवारात किंवा शेजारच्या आवारात असतं. माडाचा दुसरा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा, त्याचे फोटो ग्रुपवर फारसे येत नाहीत कारण तो दिसतच नाही, आणि उभं झाड मारतो तो बहुतेक वेळा हाच.

दोघंही भुंगे, दोघंही माडावर, त्यामुळे माळी काय, सेक्रेटरी काय, फवारणीवाला काय, सगळे "माडाला भुंगा लागलाय" एवढंच म्हणतात आणि एकच औषध दोघांवर मारून मोकळे होतात. पण दोघांचं खाणं वेगळं, राहणं वेगळं आणि कोणत्या वयात खातात ते पण वेगळं. गेंड्याच्या अळीचं सगळं आयुष्य शेणखतात, कंपोस्टात, कुजक्या लाकडात जातं, माडाशी तिचा संबंधच नसतो, आणि मोठा भुंगा झाला की मग तो माड खायला येतो. सोंड्याचं बरोबर उलटं, त्याची अळीच माडाच्या पोटात वाढते आणि नुकसान करते ती अळीच. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं, म्हणजे गेंड्याचा बंदोबस्त खतखड्ड्यात करायचा आणि सोंड्याचा झाडाच्या जखमांवर.

पहिली पायरी : भुंगा हातात मिळाला असेल तर

हे सगळ्यात सोपं काम आहे. गेंड्या काळा किंवा काळपट तपकिरी, चकचकीत, साडेतीन ते पाच सेंटीमीटर लांब, जाडजूड, आणि डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं शिंग लांब असतं, मादीचं आखूड, कधीकधी तर नुसता उंचवटा, म्हणून शिंग बारीक आहे म्हणजे दुसरा भुंगा असं समजू नका. उलटा करून शेपटीकडे बघा, मादीच्या तिथे तांबूस केसांचा झुपका असतो. शेणकिड्यांच्याच कुळातला आहे हा, पायांना काटे असतात, मुठीत धरला तर ढकलून बाहेर यायला बघतो आणि ताकद चांगलीच जाणवते.

सोंड्या लालसर तपकिरी, पाठीच्या पुढच्या भागावर काळे ठिपके, साधारण साडेतीन सेंटीमीटरचा, अंगाने निमुळता, आणि तोंडापुढे बाक असलेली लांब सोंड. तांदळात होतो त्या सोंडकिड्याच्या जातकुळीतला आहे, फक्त कितीतरी मोठा. सोंडेवर वरच्या बाजूला बारीक केसांचा ब्रश दिसला तर नर. गेंड्या रात्री उडतो आणि दिव्यावर येतो, सोंड्या दिवसाही फिरतो आणि दिव्यापेक्षा वासावर येतो, माडाच्या ताज्या कापाचा वास, आंबलेल्या रसाचा वास. गोराई, मनोरी, वसईकडे ताडी-माडी काढणाऱ्यांना हा किडा चांगला माहीत असतो तो त्यामुळेच.

दुसरी पायरी : अळी मिळाली असेल तर

कंपोस्ट उपसताना अंगठ्याएवढी जाड, पांढुरकी, गोल वळून पडलेली, तपकिरी डोक्याची अळी निघाली आणि पुढे छातीशी सहा पाय दिसले तर ती गेंड्याची असू शकते. असू शकते म्हणतोय, असतेच असं नाही, कारण फुलांवर बसणारे जे भुंगेरे असतात त्यांच्या अळ्या पण अशाच दिसतात आणि त्या बिचाऱ्या खत चांगलं बनवून देतात, माडाला त्यांचा काही त्रास नसतो. फरक करायची एक फार छान पद्धत आहे. अळीला एका सपाट लादीवर किंवा पाटीवर ठेवा आणि मिनिटभर हात न लावता बघा. ती सरळ होऊन पाठीवर झोपली, पाय वर आभाळाकडे, आणि अंगाच्या लाटा काढत पाठीवरच भराभर सरकायला लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, तिला परत खड्ड्यात सोडा. कुशीवरच वळून पडली, धडपडत राहिली, पाठीवरून चालली नाही, आणि आकाराने पण दांडगी असेल तर ती वेगळी काढा. लहान मुलांना हे दाखवा, फार आवडतं, आणि मग पुढच्या वेळी खड्डा उपसताना तीच आधी येऊन बसतात.

आणि काळपट, चपट्या, पट्टेदार, वळवळणाऱ्या बारीक अळ्या ढिगाने दिसल्या तर त्या माशीच्या आहेत, ओला कचरा त्या झपाट्याने संपवतात, त्यांना मारू नका.

सोंड्याची अळी तुम्हाला खतात मिळणार नाही. ती खोडात असते, पिवळट पांढरी, मधेच फुगीर, डोकं तपकिरी, आणि पाय अजिबात नाहीत. पाय बघायचे, बस. पाय आहेत आणि खतात आहे तर गेंड्याचा विचार करा, पाय नाहीत आणि झाडात आहे तर सोंड्या.

तिसरी पायरी : झाड खालून वाचायला शिका

प्रत्यक्षात भुंगा आणि अळी हातात येतच नाहीत, झाड ४० फूट उंच आणि आपण खाली, त्यामुळे खरं ओळखायचं असतं ते खुणांवरून. इथे घाई करू नका, सकाळच्या उजेडात अर्धा तास काढा, दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा झूम पण चालतो.

गेंड्या शेंड्यातल्या न उघडलेल्या पानात, म्हणजे कोंबातून जी सुईसारखी सरळ उभी पाती येते तिच्यात, देठाच्या बेचक्यातून भोक पाडून शिरतो. आत मऊ भाग चावतो, रस पितो, आणि चोथा मागे बाहेर ढकलतो. त्या वेळी पान मिटलेलं असतं, त्यामुळे एक भोक एकदम सगळ्या घड्यांमधून आरपार जातं, आणि मग ते पान उघडतं तेव्हा घडी घातलेला कागद कात्रीने कापून उलगडावा तसे दोन्ही बाजूंना सारखे तिरके काप दिसतात. एकदा हे बघितलं की परत कधी विसरणार नाही, लोकलमधून जाताना पण रुळाकडेच्या माडांवर दिसायला लागतं.

आता यातच एक पुढची गोष्ट. माडाला साधारण महिन्याला एक नवीन पान येतं आणि जुनं पान हळूहळू खाली खाली सरकत जातं, म्हणजे झावळ्या हे झाडाचं कॅलेंडरच आहे. कापलेल्या झावळ्या खालच्या बाजूला असतील आणि वरच्या नवीन चार-पाच धड असतील तर हल्ला जुना आहे, आता काही नाही, उगाच औषध मारू नका. वरच्या दोन-तीनच कापलेल्या आहेत तर गेंड्या सध्या येतोय. आणि वरून खालपर्यंत सगळ्याच कापलेल्या असतील तर वर्ष-दोन वर्षं हे चालू आहे आणि जवळपास मोठी पैदास आहे, तेव्हा झाड सोडा आणि आधी खड्डे शोधा. गेंड्या पोयीत, म्हणजे माडाच्या मिटलेल्या फुलोऱ्यात, पण शिरतो, तो फुलोरा उघडायच्या आधीच वाळतो आणि मग नारळ का धरत नाहीत ते कळत नाही.

सोंड्याच्या खुणा पानावर नाहीत, खोडावर आणि बुंध्याकडे बघा. खोडात बारीक भोकं, त्यातून तपकिरी चिकट रस ओघळून वाळलेला, भोकाच्या तोंडाशी चावलेला काथ्यासारखा चोथा, कुजकट आंबूस वास. कधीकधी झाडाखाली काथ्याच्या धाग्यांनी विणलेला लांबट कोष पडलेला मिळतो, अळी कोषात जाताना झाडाचेच धागे अंगाभोवती गुंडाळते. मधली पानं पिवळी पडून लोंबायला लागतात. आणि खोडाला कान लावा, खरंच लावा, रस्त्यावर वर्दळ नसताना पहाटे, अळ्या जास्त असतील तर आतून कुरतडल्याचा करकर आवाज येतो. साधारण ५ ते २० वर्षांची झाडं जास्त बळी पडतात, त्यामुळे टॉवरच्या गार्डनमध्ये मोठी आणून लावलेली तरणी झाडं असतील तर तिकडे आधी बघा, आणि फक्त माडच नाही तर शोभेचे पाम आणि खजूर पण त्याला चालतात. १९८०च्या दशकात हाच किडा आखाती देशांत पोचला आणि तिथल्या खजुराच्या बागांची त्याने वाट लावली.

शेंडा मान टाकून कलला तर मात्र उशीर झालेला असतो. माडाला वाढायला एकच कोंब असतो, आंब्यासारखी दुसरी फांदी फुटत नाही, तो कोंब गेला की झाड गेलं.

दोघांचा संबंध काय, हे मधेच सांगतो

गेंड्या एकटा मोठं झाड सहसा मारत नाही, नारळ कमी करतो, झाड खंगवतो, लहान रोप मात्र कोंब खाऊन मारू शकतो. पण त्याने पाडलेलं भोक म्हणजे उघडी जखम, त्यातून रसाचा वास सुटतो, आणि त्या वासावर सोंड्याची मादी येऊन तिथे अंडी घालते. एक मादी दोनशे-तीनशे अंडी घालू शकते. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात, दोन महिने आत खातात, कोषात जातात, आणि नवीन भुंगे त्याच झाडात परत अंडी घालतात. बाहेरून झाड हिरवंगार, आत दोन पिढ्या जेवतायत. म्हणून गेंड्याला "थोडी पानं कापतो, कापू दे" असं म्हणून सोडायचं नाही.

चौथी पायरी : खतखड्डा तपासा, इथेच खरं काम आहे

२०१७ मध्ये पालिकेने मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा असलेल्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. निर्णय चांगलाच आहे, मी कंपोस्टच्या पूर्ण बाजूने आहे. पण बऱ्याच ठिकाणी उत्साह पहिले सहा महिने टिकतो आणि मग खड्डा तसाच पडून राहतो, वरून माळी पालापाचोळा टाकत राहतो, कुणी उपसत नाही, आणि असा न हलवलेला ओलसर खड्डा म्हणजे गेंड्याच्या मादीला हवी तशी जागा. अळीला वाढायला तीन महिने तरी लागतात, बऱ्याचदा पाच-सहा. म्हणजे हिशोब सरळ आहे, खत तीन महिन्यांच्या आत तयार करून वापरून टाकलं तर त्यातली अळी भुंगा होऊन उडण्याआधीच बाहेर येते.

दर दोन-तीन आठवड्यांनी खड्डा तळापर्यंत वरखाली करा, वरवर ढवळून उपयोग नाही, मोठ्या अळ्या खाली असतात. हे काम सकाळी करा आणि अर्धा तास तसंच उघडं ठेवा, कावळे आणि साळुंक्या बाकीचं काम करतात. बाकी वेळ वरून नायलॉनची बारीक जाळी ताणून बांधा, कडेने फट नको, म्हणजे मादी आत शिरत नाही. आवारात कुठे कापलेल्या झाडाचे ओंडके पडलेत का ते पण बघा, विशेषतः माडाचंच जुनं खोड किंवा जमिनीत राहिलेला बुंधा, आणि बाहेरून आणलेल्या शेणखताच्या गोण्या महिनोन्महिने भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात त्या उघडून बघा.

मेटारायझियम नावाची एक बुरशी मिळते, शेती औषधांच्या दुकानात मिळते, ती पाण्यात कालवून खड्ड्यात शिंपडली की गेंड्याच्या अळ्यांना रोग होतो, मेलेली अळी आधी कडक होते आणि मग तिच्यावर हिरवी बुरशी चढते. तिला ओलावा लागतो म्हणून पावसाळा बरा. मात्रा पाकिटावर लिहिलेली असते तीच ठेवा. खड्ड्यात रासायनिक कीटकनाशक ओतू नका हो, ते खत आपण कढीपत्त्याला आणि मिरचीला घालणार असतो, आणि गांडुळं पण मरतात.

पाचवी पायरी : शेंडा साफ करून घ्या

हे स्वतः चढून करायचं नाही. नारळ पाडायला जो माणूस येतो त्यालाच सांगा, नारळ उतरवून झाल्यावर शेंड्याकडे पाच मिनिटं जास्त द्यायला लावा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. नारळ विकास मंडळाने २०११ पासून शिडीयंत्राने माडावर चढायचं ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली, असा शिकलेला माणूस मिळाला तर फारच बरं, कारण त्याला किडीची पण माहिती असते. मंडळाचं ऑफिस ठाण्यात आहे, तिथे विचारता येतं.

वर गेल्यावर बेचक्यात ताजा ओलसर चोथा दिसला म्हणजे भुंगा आत आहे, टोकाला आकडी असलेली लोखंडी सळी भोकात घालून त्याला ओढून काढायचं. मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि बारीक वाळू समप्रमाणात, म्हणजे २५० ग्रॅम हे आणि २५० ग्रॅम ते, मिसळून भरायची. वर्षातून तीनदा, पावसाच्या आधी, पावसानंतर आणि थंडीत. लहान झाडांना बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकली तरी चालतं, दीड महिन्याने परत ठेवाव्या लागतात.

सहावी पायरी : सोंड्याचा संशय आला तर

इथे घरगुती उपाय करत बसू नका, दिवस जातात. खोडातली भोकं, रस आणि चोथा यांचे जवळून फोटो काढा आणि माहितगार माणसाला बोलवा, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या शिफारशी बघा. सुरुवातीच्या अवस्थेत खोडात किंवा मुळावाटे औषध देऊन झाड वाचतं. पण तयार नारळ त्याआधीच उतरवून घ्या, आणि औषध दिल्यावर किती दिवस शहाळी-नारळ काढायचे नाहीत ते औषध देणाऱ्याकडून लेखी घ्या आणि झाडावर पाटी लावा, लोखंडी खिळा न ठोकता, दोरीने बांधून. सोसायटीत कुणीतरी शहाळं पाडतंच.

खिळ्याचं मुद्दाम लिहिलं. आंब्याच्या खोडाची जखम सालीने भरून येते, माडाची भरत नाही, माडाच्या खोडाला तशी वाढणारी सालच नसते. एकदा पडलेलं भोक कायमचं भोक. गणपतीच्या लायटिंगसाठी ठोकलेले खिळे, क्लासची जाहिरात, सीसीटीव्हीचा क्लॅम्प, चढायला सोपं जावं म्हणून कोयत्याने पाडलेल्या खाचा, हे सगळं सोंड्याला दिलेलं आमंत्रण. मला या एका गोष्टीचा खरंच राग येतो कारण ती पूर्ण टाळता येते, लायटिंगची वायर कापडी पट्टीने पण बांधता येते.

तीच गोष्ट झावळ्या कापण्याची. पावसाळ्याआधी ठेकेदार येतो आणि "साफ दिसलं पाहिजे" म्हणून हिरव्या झावळ्या पार खोडाला लावून छाटतो. हिरवी झावळी शक्यतो कापायची नाही, आणि कापायचीच असेल तर खोडापासून साधारण सव्वा मीटर देठ सोडून, म्हणजे कापाच्या टोकाला अंडी घातली तरी अळी खोडापर्यंत पोचत नाही. खोडाला जखम झालीच तर लगेच डांबर किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, उद्यावर टाकू नका, वासावर तो त्याच दिवशी येऊ शकतो. आणि छाटणी असो की तोडणी, १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज करा.

कामगंध सापळ्यांबद्दल, म्हणजे भुंग्यांना ओढणाऱ्या वासाची गोळी टांगलेल्या बादल्यांबद्दल, थोडक्यात. गेंड्याचा वेगळा आणि सोंड्याचा वेगळा, एकाची गोळी दुसऱ्यावर चालत नाही. चार माडांच्या छोट्या आवारात मी सापळा लावा असं सांगणार नाही, तो आजूबाजूचे भुंगे पण बोलावून आणतो आणि सगळे बादलीत पडतातच असं नाही. पाच-सहा सोसायट्या मिळून लावणार असाल तर लावा, झाडांपासून लांब, कुंपणाच्या बाजूला. सोंड्याच्या सापळ्यात गोळीबरोबर गूळ आणि पिकलेलं केळं आंबवून ठेवलं की जास्त पडतात, ते पाणी आठवड्याने बदलायचं.

शेंडा कलला असेल, झाड गेलं असेल, तर तो माड उभा ठेवायचा नाही. मुंबईत माड कोसळून माणसं दगावलेली आहेत. धोका वाटत असेल तर वॉर्डात कळवा, पालिकेचा १९१६ नंबर पण आहे. आणि तोडल्यावर खोड आवारात पडू देऊ नका, त्यात सोंड्याच्या अळ्या आणि कोष जिवंत असतात, तिथून भुंगे निघून शेजारच्या माडावर जातात, आणि तेच खोड पुढे कुजलं की त्यात गेंड्या अंडी घालतो. खोडाचे तुकडे करून उभे फोडून घ्या, आतल्या अळ्या-कोष वेचून साबणाच्या पाण्यात टाका, बुंधा खणून काढा, आणि हे सगळं त्याच आठवड्यात गाडीत भरून जाईल असं ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवा. तिथे नवीन रोप लावणार असाल तर पहिली तीन-चार वर्षं त्याच्या कोंबावर लक्ष ठेवा, तेव्हा सगळं हाताच्या उंचीवर असतं, शिडी लागत नाही आणि चोथा दिसला की आकडीने भुंगा तुम्ही स्वतःच काढू शकता.